मुनियनचा अंगठा

माझ्यासारख्याने लिहायला बसणं हा आगाऊपणाच. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. अप्पा छत्रात, वाटसरूंच्या धर्मशाळेत, स्वयंपाक करतात. म्हणून आधीच क्षमा मागतो. पण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — अप्पांनाही नाही.

तंजावुरातला कचरा कुठे टाकायचा, हा प्रश्न निघाला त्या वर्षीची ही गोष्ट. कचेरीतून बातमी आली की राजवाड्यामागच्या खंदकाशी, आमच्या गल्लीच्या तोंडावर, गाड्या रित्या होणार. केरकचरा, मैला, मेलेली जनावरं — सगळं. गाव उठलं. एरवी एका ओट्यावर न बसणारे लोक देवळापुढच्या मंडपात जमले. अर्ज इंग्रजीत हवा होता. इंग्रजी कुणाला येत होतं? मला. एकोणीस वर्षांच्या मुलाला याहून मोठं काय हवं?

काशीराव तिथे होते. मोठे जमीनदार, त्यांच्याच शब्दावर मला कॉलेजात जागा मिळाली होती. ते म्हणाले, "लिही रे. पण लिहिलंस ते अक्षरन्‌अक्षर तमिळमध्ये आणि मराठीत वाचून दाखव. आंधळा अंगठा कुणी द्यायचा नाही."

म्हणजे सगळं सरळ व्हावं अशी सोय गावाने केली होती. वाकडं केलं ते मी.

नुसतं रडगाणं साहेब वाचत नाहीत, दुसरी जागा सुचवली तर वाचतात, असं कॉलेजात ऐकलं होतं. मला ठाऊक असलेल्या जागा दोनच. एक ओढ्यापलीकडचा ओसाड माळ — तो काशीरावांचा. दुसरी, पूर्वेकडचे कुंभारांचे खड्डे. मी लिहिलं, की पूर्वेचे खड्डे कुणाच्याही उपयोगाचे नाहीत. एकच वाक्य.

उपयोगाचे नाहीत? पावसात ते भरायचे, पाणी ओसरलं की तळाच्या गाळातून मुनियन कुंभार माती काढायचा. आमच्या घरी पोंगलचा भात दरसाल त्याच मातीच्या मडक्यात उतू जायचा. लहानपणी त्या खड्ड्यांच्या काठावर बसून मी मुनियनच्या हाताखाली माती तुडवली आहे. मला ठाऊक नव्हतं, असं तरी कसं म्हणू?

मंडपात अर्ज वाचला. त्या वाक्यापाशी आलो — श्वास घेतला — आणि पुढच्या वाक्यावर गेलो. आधी तमिळमध्ये. मग मराठीत. विचार बदलायला दोनदा संधी होती.

मग अंगठे. मुनियनचा उमटला तो नुसता काळा डाग. चाकावर झिजून रेषा कधीच गेलेल्या. कुणीतरी टोमणा मारला, "हा अंगठा कुणाचा, हे साहेबाला कळायचं कसं?"

"घरातलं मडकं उलटं करून बघा म्हणावं," मुनियन म्हणाला. "त्याच्या बुडालाही हाच आहे."

सगळे हसले. मीही हसलो.

अर्ज मंजूर झाला. काशीरावांनी मला चारचौघांत जरीकाठी उपरणं पांघरवलं. मी ते मिरवलं — कॉलेजातसुद्धा. आणि गाड्या पूर्वेला जाऊ लागल्या.

कुंभारांना वाटलं, कचेरीनेच दगा दिला. त्यांना दुसरं काय वाटणार? सुट्टीत मुनियन आमच्या दाराशी आला, पायरीखाली उभा राहिला. "सामी, गावासाठी लिहिलंत, तसं आता आमच्यासाठी एक लिहा." मी परीक्षा जवळ आल्याचं सांगितलं. परीक्षेला चार महिने होते. दुसरा अर्ज गेला असता तर साहेबांनी पहिला काढून पाहिला असता — ही खरी भीती. ती मी अभ्यासाखाली लपवली.

मागच्या आठवड्यात अप्पांचं पत्र आलं, शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेलं. खड्डे भरले. तिथल्या विहिरीचं पाणीही तोंडात धरवत नाही. कुंभारांची सगळी घरं ओरत्तनाडूच्या बाजूला निघून गेली. जाताना मुनियन जुन्या मातीचं शेवटचं मडकं आमच्या पायरीवर ठेवून गेला, आणि अप्पांजवळ माझ्यासाठी निरोप: "सामींनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांनी चांगलंच लिहिलं होतं. साहेबानेच ऐकलं नाही."