एकतीस नावांची फाइल

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी इंदिरा नगरच्या घरी चहा घेत लॅपटॉप उघडला... आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात नव्या अँटिव्हायरसचा मेसेज आला. एक संशयास्पद फाइल तपासणीसाठी कंपनीच्या लॅबकडे पाठवली आहे, आपण सुरक्षित आहात. फाइलचं नाव मी पुन्हा एकदा वाचलं.

मी इथे लखनौत समाजशास्त्र शिकवते. माहेर साताऱ्याचं, पण इथे येऊन अठरा वर्षं झाली. दोन वर्षांपासून एका सरकारी खात्यात कंत्राटावर काम करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेत होते... वरचे साहेब लोक त्यांना कसा कसा त्रास देतात, त्याबद्दल. एकतीस जणी बोलल्या. अट एकच, नाव बाहेर जाता कामा नये. नाव कळलं की त्या बाईचं कंत्राट पुन्हा होणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

म्हणून तर अँटिव्हायरसचा एवढा घोळ घातला होता! कुठल्याही सरकारचा हात नसलेलीच कंपनी हवी होती मला. रशियाची नको, अमेरिकेची नको, चीनचं तर नावच काढू नका. एक देशी कंपनी बरी वाटली, तर तिच्या साइटवर गिऱ्हाइकांच्या यादीत हेच खातं! झालं, तीही बाद.

तीन आठवडे हेच चाललं होतं... मालक कोण, सर्व्हर कुठे, तिथला कायदा काय म्हणतो. नवरा म्हणाला, "अगं, अँटिव्हायरस घेतेयस की पोरीला स्थळ बघतेयस?" शेवटी युरोपातल्या एका चिमुकल्या देशातली कंपनी पसंत पडली. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आणि एवढं सगळं करून इन्स्टॉल करताना मात्र मी नुसतं पुढे, पुढे, पुढे दाबत गेले. रेकमेंडेड सेटिंग म्हटलं की आपण मान डोलावतो ना, तशी. संशयास्पद फाइल आपोआप कंपनीकडे पाठवायची, ही टिक त्यातच होती, आधीच करून ठेवलेली.

बरं, संशय कुठल्या फाइलचा यावा? नावं लपवायला मी एक एक्सेल फाइल केली होती. एका रकान्यात खरं नाव, फोन, ऑफिस, दुसऱ्यात नुसता नंबर. बटण दाबलं की सगळ्या मुलाखतींमधली नावं जाऊन तिथे नंबर यायचे, तेवढ्यासाठी आत एक छोटा प्रोग्राम लिहून घेतला होता. एक फाइल बाकीच्या फायलींमध्ये शिरून परस्पर बदल करतेय म्हटल्यावर अँटिव्हायरसला ती व्हायरस वाटली... वाटणारच की! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

कंपनीला तीन मेल केले. उत्तर गोड आलं, आपली प्रायव्हसी आमच्यासाठी मोलाची आहे, नमुने ठरलेल्या मुदतीत नष्ट केले जातात. मुदत किती, फाइल बघतं कोण, आणखी कुणाला देता... यावर अवाक्षर नाही.

नवरा म्हणाला, एवढ्या लांब या एकतीस नावांशी कुणाला काय देणंघेणं? गप्प बस. खरं सांगते, दोन दिवस मलाही ते पटत होतं. लिहायला लाज वाटते, पण पटत होतं.

तिसऱ्या दिवशी मेट्रोने आलमबागला निघाले, त्या बाईंकडे ज्यांनी पहिली मुलाखत दिली आणि बाकीच्यांना माझ्यापर्यंत आणलं. नाव अर्थातच लिहीत नाही, दीदी म्हणू. वाटेत सारखं मनात येत होतं, मी कंपनीची सात पिढ्यांची चौकशी केली, या बायकांनी माझी कसलीच केली नव्हती. दीदी म्हणाल्या मॅडम चांगल्या आहेत, आणि त्या बोलल्या.

दीदींनी मला बघून चहा टाकला. तो उकळायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं... त्यांनी गॅस बंद केला आणि एवढंच विचारलं, "मैडम, आपको हमारे नाम की ज़रूरत क्या थी?"

खरं तर मुलाखतींना नावं लागतच नव्हती. मी हे मनाने रचलं नाही, असं उद्या कुणाला दाखवावं लागलं तर पुरावा असावा, म्हणून आम्हा संशोधकांत अशी यादी ठेवायची पद्धत आहे. पुरावा माझा आणि नोकरी त्यांची.

मग दीदींनी चपला घातल्या. म्हणाल्या, "चलिए। आप अकेली जाएँगी तो सब डर जाएँगी।"

तीसच्या तीस घरं आम्ही दोघींनी मिळून केली. अकरा जणींनी मुलाखत मागे घेतली, ती मी त्यांच्यासमोरच पुसली. एकीने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. यादी आता माझ्याकडे नाही, पण दुसरीकडे कुठे आहे, हे मला माहीत नाही.

अजून कुणाला काही झालेलं नाही. मार्चमध्ये कंत्राटं पुन्हा होतील, तेव्हा एखादीचं राहिलं तर ते माझ्यामुळे की आणखी कशामुळे, हे तिलाही कळणार नाही आणि मलाही नाही. हे सगळं दीदींना विचारूनच लिहितेय. त्या अजून माझा फोन उचलतात... तेवढ्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.