अर्थ नसलेला तराणा

मंडळी, माझं वय पंच्याण्णव. मी बोलायलेय, नात टाइप करायलीय.

आज आमच्या गायकवृंदाची तालीम ऐकायला परभणीला गेले. गाणी बसवणारे मास्तर म्हणाले, "आजी, हा तराणा काढून टाकू. ‘दीं तन नोम’ला अर्थ न्हाई, लोकांना काय कळणार?"

निजामाच्या राज्यात चारठाण्याला आमचं सहा जणांचं गाणं ठरलं होतं. पोलिसांचे अमीनसाहेब म्हणाले, बोल आधी लिहून दाखवा. आमचं स्वातंत्र्याचं गाणं सगळ्या गावाला पाठ होतं. ते लिहून दिलं असतं तर सहाही जण तुरुंगात गेलो असतो. आमाला गाणं शिकवणाऱ्या गुरुजींनी चाल तीच ठेवली आणि बोल काढून तराण्याचे घातले.

अमीनसाहेबांनी कागद दोनदा वाचला. "इसका मतलब?"

"कुछ नहीं साहब," गुरुजी म्हणाले. शिक्का बसला.

आमी गायला लागलो, तशी समोरची माणसं ओठातल्या ओठात खरे बोल म्हणायला लागली. अमीनसाहेब पुढे बसून मांडीवर ताल धरत होते.

मास्तर काढायला निघालेत तो हाच तराणा. त्याचे खरे बोल येणारी आता मी एकटीच उरले.

तुमीच सांगा, तराणा तसाच ठेवू, का पोरांना बोल शिकवू?