फक्कीच्या भिंती

अगं सुमन, जवळ ये, कान धरू दे तुझा. विचुंब्याचं आमचं नवं घर मोबाइलवर बघून "छान" म्हणतेस, पाऊल मात्र टाकत नाहीस!

आमचे आर्किटेक्ट कसे होते, ते सांगते. बोलणं बेताचं. काहीही विचारा, पेन्सिल कानावर खोचून "बघू या, काकू" म्हणणार. मोकळ्या प्लॉटवर पांढऱ्या फक्कीने खोल्या आखल्या, तेव्हापासून चपला बाहेर काढून आत यायचे. रेघ कधी ओलांडायचे नाहीत. दार आखलंय तिथूनच जाणार. मिस्त्री तोंड फिरवून हसायचा.

आमच्या यांची नजर गेलेली, तुला ठाऊकच आहे. जुन्या घरात एकटे फिरायचे. "तिकडे मोरीपर्यंत जायलासुद्धा कुणाचा हात धरावा लागणार," या धास्तीने जेवण सुटलं होतं यांचं. मी ते आर्किटेक्टांना बोलून गेले. त्यांनी रुमाल काढून स्वतःच्या डोळ्यांवर बांधला आणि आखणीतल्या पलंगाच्या जागेवरून मोरीकडे चाचपडत निघाले.

मिस्त्री ओरडला, "सायेब, भिंतीतनं गेलात की!"

त्यांनी रुमाल सोडला, पायाखाली पुसलेली फक्की पाहिली. म्हणाले, "मग दार चुकलंय. इथे घ्या."

अख्खी आखणी पुसून नव्याने केली गं त्यांनी! एवढा शिकलेला माणूस.

ये आता लवकर. बेल वाजवलीस की जरा धीर धर, दार उघडायला हे स्वतः येतात.