मापाचा ब्लाउज न घेणारी मास्टर

आमची मास्टर मापाचा ब्लाउज घ्यायची नाही. जोगेश्वरीतल्या बायका जुना ब्लाउज पुढे करायच्या, अगदी असाच शिव म्हणायच्या आणि ती तो घडीसकट परत द्यायची. टेप अंगावर लावू देणार असाल तर थांबा, नाहीतर पुढचं दुकान बघा, असं सांगायची. अर्ध्या जणी नाक मुरडून निघून जायच्या, कारण मास्टर तृतीयपंथी होती.

आधी ती साकीनाक्याला एका लेडीज टेलरकडे होती. कटिंगमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण मालक तिला पडद्याआड बसवायचा. माप दुसराच कुणी घ्यायचा, चुकवायचा आणि शिव्या हिला. त्याच गिऱ्हाइकांकडे बारसं असलं की मात्र आशीर्वादासाठी हिला मानाने बोलावणं. "बाळाच्या डोक्यावर माझा हात चालतो, आईच्या खांद्यावर चालत नाही," ती म्हणायची. जोगेश्वरीला तिने स्वतःचं दुकान टाकल्यावर एकदा कुठल्याशा संस्थेची मंडळी फोटो काढायला आली. धंदा सुरू करण्यामागची प्रेरणा काय, असं त्यांनी गोड आवाजात विचारलं. "राग," ती म्हणाली. त्यांनी 'जिद्द' छापलं. असल्या गोडबोल्यांचा मला अजून संताप येतो.

माझ्या साखरपुड्याचा ब्लाउज तिनेच शिवला. टेप लावण्याआधी तिने विचारलं, "हात लावू ना गं?" तोवर एकाही टेलरने मला हे विचारलं नव्हतं. ब्लाउज असा बसला की होणाऱ्या सासूबाईंनी टेलर कोण ते विचारलं. आईने पटकन सांगितलं, पार्ल्याला शिवला. मीही मान डोलावली.

पुढे तिचं दुकान होतं त्या इमारतीतल्या सभ्य लोकांनी गाळेमालकाकडे तक्रार केली. बायका घाबरतात म्हणे. मास्टरने माझ्याकडे एकच मागितलं: मालकासमोर ये आणि सांग की मी हिच्याकडे माप देते. येते म्हणाले आणि गेले नाही. सासरी कळेल ही भीती, दुसरं काही नाही. महिनाअखेरीस गाळा रिकामा झाला.

दोन वर्षांनी कळलं, तिने घाटकोपरला दुकान टाकलंय. कापड घेऊन निर्लज्जासारखी गेले. तिने स्टूल दिलं, पाणी दिलं, आईची चौकशी केली. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं, पण कापडाला हात लावला नाही.

"तुझं काम मी घेणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "नोकरीत होते तेव्हा कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती. दुकान त्यासाठीच टाकलंय."

कापड पिशवीत घालून मी उठले. तिचं काहीही चुकलं नव्हतं, आणि स्वतःची चीड मला आजही येते.