आबांच्या पोटातले अडीच डॉलर

जळगावात राहून मी सोनं अमेरिकेहून मागवलं. ज्या गावात लोक सोनं घ्यायला परगावाहून गाड्या करून येतात, त्या गावात! दोनशे वर्षांपूर्वीचं, टोपीवाल्या बाईचं, अडीच डॉलरचं नाणं. आकाराने आपल्या रुपयाएवढं, पण बायकोच्या पाटल्यांसाठी साठवलेले पैसे त्यातच संपले. पुण्याचे एक संग्राहक ते दुप्पट किमतीला घ्यायला रविवारी येणार होते. तोवर नाणं मी डबीत घालून खिशात बाळगत होतो. (घरी ठेवलं तर सराफाकडून वितळवून आणीन, असं बायकोने सांगून ठेवलं होतं.)

तेवढ्यात भडगावहून फोन आला, आबांचं काही खरं नाही. आबा म्हणजे माझे थोरले काका. आम्ही नवरा-बायको पोचलो तर ते डोळे मिटून पडलेले आणि अंगणात बांबूंची चौकशी सुरू. उशाशी त्यांची बहीण, आमची अक्का आत्या. गंगाजळ होतं, तुळस होती, पण तोंडात ठेवायला सोनं नव्हतं! भाव वाढल्यापासून खरं सोनं लॉकरमध्ये आणि अंगावर एक ग्रॅमवालं. सुनांनी एकेक करून कबुली दिली.

"यांच्या खिशात आहे," बायको म्हणाली.

अक्काने अडकित्ता मागवला. "काप रे एक तुकडा."

आबांच्या आधी मीच जातो की काय, असं झालं. कापायचं कशाला, अख्खंच ठेवू, मी घाईघाईने म्हणालो. पुतण्याचं केवढं मन, म्हणून बायकांनी डोळे पुसले. माझा हिशेब साधा होता : आबा गेले की नाणं काढून घ्यायचं. (माणूस किती खाली जाऊ शकतो, ते मी त्या दिवशी आतून पाहिलं.) नाणं जिभेवर ठेवलं, अक्काने गंगाजळ सोडलं. आबांनी मोठा घोट घेतला, दणदणीत ढेकर दिली आणि उठून बसले.

"मना चहा कोठे शे?"

आदल्या दिवशी शेतात भरीत-पुरी झाली होती आणि आबांनी वयाचा मान ठेवला नव्हता. एवढंच! मी हंबरडा फोडला. असा पुतण्या मिळायला भाग्य लागतं, असं चार जण म्हणाले. बायको कानाशी येऊन म्हणाली, "म्हणजे माझ्या पाटल्या आता आबांच्या पोटात?"

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, पांढरी टिकली दाखवली आणि आपोआप येईल, केळी खाऊ घाला म्हणाले. मी अख्खा घड आणला. पण आबा केळ्याला शिवेनात. यम दारापर्यंत आला होता, सोनं बघून मागे फिरला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

"पोटमा सोनं शे तवलोंग यमबी माले हात लावाव नही."

ते डबा घेऊन शेताकडे निघाले की मी मागोमाग. शेवटी अक्काने मला ओट्यावर अडवलं.

"तुले आबा पाह्यजे का नानं?"

इतका अवघड प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. तो वेळ घरच्यांनी मला अजून माफ केलेला नाही.

पण निसर्गापुढे आबांचंही चाललं नाही. शनिवारी त्यांनी नाणं माझ्या हातावर ठेवलं. लखलखीत! पुतण्याला किळस वाटू नये म्हणून बोअरवर बसून चिंच आणि राखेने तासभर घासलं होतं. आता त्यांना काय सांगू? जुन्या नाण्यावर दोन शतकांचा जो मंद रंग चढतो, त्यालाच संग्राहक पैसे मोजतात. घासल्यावर उरतं ते नुसतं सोनं.

रविवारी पाहुण्यांनी भिंगातून पाहिलं आणि नाण्याला झालं तरी काय, असं विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी भिंग ठेवलं, दोनदा साबणाने हात धुतले आणि चहा न घेताच गेले.

आबा ठणठणीत आहेत. नाण्याची कीर्ती मात्र नशिराबादपर्यंत पोचली. कुणाचं म्हातारं माणूस अत्यवस्थ झालं की मला बोलावणं येतं, आणि अशा वेळी नाही कोण म्हणणार? म्हणून परवा मीच सराफाकडे जाऊन त्या दुर्मिळ नाण्याला कडी लावून घेतली. वहिनींच्या गळ्यात घालायला का, सराफाने विचारलं.

"नाही," मी म्हणालो, "दोरा बांधायला. दुसरं टोक मी हातात धरून बसतो."