एकेचाळीस क्रमांकाची प्रत

आमच्या नॉर्थ डकोटात वाऱ्याला अडवायला काही नाही, आणि मिल्टन ओडेगार्डच्या उत्तरेकडच्या खोलीला खिडकी नाही. पूर्वी होती. उन्हानं पुस्तकांच्या पाठी विटतात म्हणून त्यानंच ती फळ्या ठोकून बुजवली. गव्हाच्या कोठारावर मी त्याच्याबरोबर सव्वीस वर्षं काम केलं, पण त्या खोलीत मला दोनदाच नेलं. दोन्ही वेळा आधी हात धुवायला लावले.

आत तेवीस विज्ञानकथा होत्या. पूर्वेकडच्या डोंगरातला एक छोटा छापखाना त्या हातानं खिळे जुळवून छापायचा. बांधणी बकरीच्या कातड्याची, प्रत्येकीला कापडी पेटी. प्रती दोनशेच, आणि प्रत्येक प्रतीवर क्रमांक. एकदा क्रमांक मिळाला की पुढच्या प्रत्येक पुस्तकाची त्याच क्रमांकाची प्रत तुमची. त्या घरी सगळ्या प्रती एकेचाळीस क्रमांकाच्या.

पण हा क्रमांक मिळवला होता लव्हॉननं, मिल्टनच्या थोरल्या बहिणीनं. टेलिफोन कचेरीत पहिला पगार झाला तेव्हा छापखान्याला पत्र तिनं लिहिलं. लहानपणी गवताच्या माळ्यावर बसून मंगळावरच्या गोष्टी मिल्टनला वाचून दाखवायची तीच. पुढं तिचं लग्न तेलविहिरीवरच्या माणसाशी झालं. आज इथं, उद्या तिथं, घर म्हणजे चाकांवरची पेटी. ती म्हणाली, "पार्सलं तुझ्याकडं येऊ देत, मिल्टन. जपून ठेव." त्यानं जपली. दुसऱ्या पुस्तकापासूनचे पैसेही त्यानंच भरले, हे खरं आहे.

नवरा गेल्यावर लव्हॉन गावात परतली. चर्चमागं भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. एका रविवारी मिल्टनकडं कॉफीला आम्ही तिघं होतो.

"आता भिंती हलत नाहीत माझ्या," ती म्हणाली. "माझी पुस्तकं मी नेते का, असं तरी विचार."

"तुझी?" मिल्टन हसला. "तू एकच घेतलंस, बाई."

"मग ते एक दे."

"पहिलं काढलं की संच मोडतो. मोडक्या संचाला कुणी विचारत नाही."

"विकायचाय का तुला?"

"नाही."

"मग कुणी विचारायला कशाला हवं? तू कोंबडी आहेस, मिल्टन. दगडी अंड्यावर बसलेली."

मला हसू आलं. मिल्टनला आलं नाही. त्यानं कपात चमचा फिरवला. मग म्हणाला, "इथं बसून वाच. टेबलाशी. पण हातमोजे घाल."

तिनं ते पांढरे सुती मोजे खरंच घातले, त्याच्याबरोबर त्या खोलीत जाऊन पहिल्या पुस्तकाची पेटी आणली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण पेटी उघडताना चेहरा एकोणीस वर्षांचा झाला होता. पहिलं पान उलटलं आणि तिथंच थांबली. पान दिव्यासमोर धरलं. वरच्या कोपऱ्यात कागद इतका झिजला होता की पलीकडचा उजेड दिसत होता.

"इथं माझं नाव होतं."

"पेन्सिलीचं होतं," मिल्टन म्हणाला. "नाव लिहिलेली प्रत स्वच्छ धरत नाहीत. मी हलक्या हातानं खोडलं."

"कधी?"

"तुझ्या लग्नानंतर."

"त्याच वर्षी?"

या छंदातल्या कुणालाही विचारा, घासलेला कागद हा नावापेक्षा मोठा डाग. मिल्टनला ते त्याच दिवशी कळलं असणार. लव्हॉननं मोजे काढले, एकात एक गुंडाळले आणि पुस्तकाशेजारी ठेवले. कॉफीबरोबरची लेफ्सं, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, तशीच पडली.

वसंतात चोविसावं पुस्तक यायचं होतं. ते आलं नाही. मिल्टननं छापखान्याला लिहिलं, उत्तर चार ओळींचं आलं. यादीत क्रमांक एकेचाळीस कुमारी लव्हॉन ओडेगार्ड यांच्या नावे होता. तुमचा फक्त पत्ता होता. त्यांनी स्वतःच्या सहीनं क्रमांक सोडला. तो आता ओरेगॉनच्या एका दंतवैद्याला दिला आहे. इतक्या वर्षांत यादीतलं नाव बदलून घ्यायचं मिल्टनला सुचलं नव्हतं. घरातल्या घरात कशाला, असं आम्ही सगळेच म्हणतो.

तो माझ्याकडं आला. माझ्या दारात टोपी हातात धरून उभा राहिलेला मिल्टन मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. "तू जा तिच्याकडं. एक पत्र लिही म्हणावं. दंतवैद्याला अजून पुस्तक गेलं नसेल. पहिलं देतो तिला. सगळी देतो म्हण, पण क्रमांक तुटू देऊ नकोस."

मी गेलो. लव्हॉन खिडकीत बसून वाचनालयातलं, पानं मुडपलेलं पुस्तक वाचत होती. मी सगळं सांगितलं. तिनं बोट पानात तसंच ठेवलं.

"आता सगळी देतो म्हणाला?"

"हो."

"तेवीसच्या तेवीस राहू देत त्याच्याकडं. बाकीच्या बावीसांवरचा छापखान्याचा कागदही त्यानं फोडलेला नाही, मी बघितलं त्या दिवशी. त्याला म्हणावं, वाचून दाखवायला आता मी येणार नाही."

परत आलो तर मिल्टन माझ्या फाटकाशीच उभा होता.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"आणखी काही?"

"नाही," मी म्हणालो, आणि फाटक लावून घेतलं.