आईला सायखेड्याला जायचं होतं

माझं आणि ताईचं लग्न एकाच मांडवात लागलं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, त्याच महिन्यात एका सहकारी संस्थेचे चेअरमन झाले होते. ज्या दोन संचालकांच्या मतांवर ते निवडून आले, त्यांच्याच घरांत आम्ही सुना म्हणून गेलो. ताई चांदवडला, मी नाशकातच, माझं बी.ए. अर्धवट राहिलं. आईला कुणी काही विचारलं नाही. ती हार-तुरे सांभाळत होती.

मुलं शाळेत जायला लागल्यावर मी बाहेरून बी.ए. पुरं केलं आणि एम.ए.ला बसले. अभ्यासात तेराव्या शतकातली एक जर्मन राणी भेटली. नवरा राजा झाला तसं तिचं नाव बदललं. राज्याभिषेकाच्याच दिवशी तिच्या दोन मुलींची लग्नं उरकली, तीही ज्या सरदारांनी मतं देऊन त्याला राजा केलं त्यांच्याशी. ते वाचून मी पुस्तक मिटलंच.

तेव्हा आईला कॅन्सर झाला होता. दुपारी तिच्या उशाशी बसून मी तिला त्या राणीचं सगळं सांगितलं.

"मुलं किती होती गं तिला?" आईने विचारलं.

"बरीच. एक तान्हेपणीच गेला. ती वारली लांबच्या गावी, पण सांगून ठेवलं होतं, मला त्याच्याजवळच पुरा म्हणून."

"मग नेलं?"

"नेलं."

"सायखेड्याला तुमचा भाऊ आहे," आई म्हणाली.

माझ्या आधीचा, आईच्या माहेरी जन्मून आठवड्याच्या आत गेलेला. मामाच्या मळ्यात, गोदावरीच्या काठी पुरलेला. आमच्या घरात त्याचा विषय कधी निघत नसे.

"मला तिकडेच न्या. शेवटचं तिथंच करा."

मी अण्णांना सांगितलं. पेपरमधून मान वर न करता ते म्हणाले, "बघू."

आई गेली तेव्हा अण्णा आमदारकीच्या तिकिटाच्या खटपटीत होते. "मंत्री येतायत," ते म्हणाले. "त्यांना काय मळ्यात उभं करू?"

ताई सगळ्यांदेखत पुढे झाली. "अण्णा, जन्मात एकच गोष्ट मागितली तिने."

"बायकांनी यात पडू नये."

आईला नाशकातच अग्नी दिला. स्मशानात माईक लावला होता. भाषणं झाली, सगळी अण्णांवर. मामा कोपऱ्यात उभा राहून मुसमुसत होता. दुसऱ्या दिवशी मूठभर राख तरी द्या, म्हणून आम्ही दोघी गेलो, तर रामकुंडात सगळं सोडून झालं होतं. फोटोग्राफर नेला होता म्हणे.

ताईने त्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही. मी सणासुदीला जायचे, चहा घेऊन परतायचे. वर्षाच्या आत अण्णांनी दुसरं लग्न केलं. नवी बायको ताईपेक्षा लहान होती.